फरशीत मुरलेलं तेल

बरणीतलं तेल सांडलं, लगेच पुसलंही, तरी शहाबादी फरशीवर काळपट डाग उरतोच. वरून कितीही घासा, तेल दगडात मुरलेलं. ते बाहेर ओढूनच घ्यायला हवं.

डाग कोमट साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडा करा. खाण्याचा सोडा थोड्या पाण्यात श्रीखंडाइतका घट्ट कालवून पाव इंच जाडीचा थर थापा, डागाच्या जरा बाहेरपर्यंत. वर प्लॅस्टिक घालून कडा चिकटपट्टीनं बंद करा. २४ तासांनी प्लॅस्टिक काढा. लेपाला मात्र हात लावू नका. तो पूर्ण वाळला पाहिजे, कारण वाळता वाळताच तो तेल शोषून घेतो. मग लाकडी उलथन्यानं हलकेच खरवडा. जुन्या डागाला तीन-चार खेपा लागतात, कंटाळू नका.

लिंबू, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड मात्र मुळीच नको, शेजारीण काहीही सांगो! शहाबादी कर्नाटकातली, ओट्याचा काळा कडप्पा आंध्रातला, पण दोन्ही चुनखडीचेच दगड. आम्ल पडलं की फसफसतात, वरचा थर खाल्ला जातो. डाग निदान काढता तरी येतो. गेलेली झिलई पॉलिशवाल्याला पैसे मोजल्याशिवाय परत येत नाही.