भाषादोष आणि भाषाभेद

भाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी ‘भाषादोष’ हा विषय काढला तेव्हा वर्गात खसखस पिकली. बोबडा किंवा तोतरा माणूस, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः या शास्त्राचा पसारा बराच मोठा आहे.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांपुढे एक रुग्ण आला. इतरांचे बोलणे त्याला समजे. परंतु तोंडातून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर पाहिले तो मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा पुढचा भाग बिघडलेला! १८७४ मध्ये जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी निराळाच प्रकार वर्णिला. त्यात रोगी घडाघडा बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि ऐकलेलेही त्याला नीट कळत नाही. यास वाचाघात म्हणतात. डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. म्हणून अर्धांगाने उजवे अंग गेले की पुष्कळदा वाचाही जाते. ‘जीभ लुळी पडली’ असे लोक म्हणतात. कित्येकदा जीभ शाबूत असते, शब्द हरवलेले असतात.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. मूल बोलत नसेल तर आधी त्याचे कान तपासावेत, हा येथला पहिला धडा. दुसरा धडा मात्र आपल्या नंदुरबार जिल्ह्यासाठीच लिहिला आहे की काय, असे मला वाटले. अहिराणी बोलणारा ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणतो, ‘पाणी’ला ‘पानी’. हा दोष नव्हे, त्याच्या बोलीचा नियम आहे. खरा भाषादोष मुलाच्या घरच्या भाषेतही दिसतोच. केवळ शाळेच्या भाषेत मूल गप्प असेल, तर तो भेद झाला, दोष नव्हे.

मी अक्राणी तालुक्यातला. घरी पावरी, बाजारात अहिराणी, वर्गात मराठी. आमच्या पाड्यावरचा एक मुलगा पहिलीत वर्षभर बोलला नाही, म्हणून त्याला ‘मुका’ ठरवले गेले. तोच मुलगा संध्याकाळी शेळ्यांना, भावंडांना पावरीत दटावत असे. त्याच्या आईला कोणी विचारलेच नाही.

या विषयाच्या शिक्षणासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ मध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचा व भाषा यांचाही समावेश आहे. तपासणी मुलाच्या मातृभाषेत व्हावी हे शास्त्र सांगते. त्यासाठी त्या भाषेतील शब्द आणि ओळखीची चित्रे हवीत. सफरचंदाचे चित्र दाखवून पाड्यावरच्या पोराची भाषा काय कळणार? तेथे मोहाचे फूल हवे, डोंगर हवा, टोपली हवी.

दिवाळीच्या सुटीत मी आईला विचारून घरातल्या नि शेतातल्या वस्तूंची पावरी नावे वहीत उतरवली. एकशे वीस झाली आहेत. चित्रे आमच्याच वर्गातला एक मित्र काढतो आहे.