अथेन्सचा पाऊस, बारामतीचा पाऊस

बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरहून एका शिक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. ग्रीसमध्ये डोंगरांनी खोरी एकमेकांपासून तोडली, म्हणून तिथे छोटी छोटी नगरराज्यं झाली, असं त्यांनी वर्गात शिकवलं. त्यावर एका मुलाने विचारलं, ‘मग आपल्या गावाला भूगोलाने काय केलं?’

उत्तराची सुरुवात पावसापासून करू. अथेन्सला वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बारामतीला पाचशेच्या आसपास. कमी पावसाचं कारणही दोन्हीकडे एकच. ग्रीसच्या पश्चिम अंगाला पिंडस पर्वताची रांग उत्तर-दक्षिण पसरली आहे. पश्चिमेकडून येणारे ढग तिच्या अलीकडेच रिते होतात, त्यामुळे कॉर्फू बेटावर हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि अथेन्स पर्जन्यछायेत. आपल्याकडे हेच काम सह्याद्री करतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर बारामतीचा जिरायती पट्टा. सॉक्रेटिसच्या शहरात आपल्या या दुष्काळी तालुक्याहूनही कमी पाऊस पडतो, हे कळल्यापासून माझ्या मनातला ग्रीसचा नकाशाच पालटला आहे.

फरक आहे तो पाऊस कधी पडतो यात. अथेन्सला तो थंडीत पडतो. ऊन कमी, त्यामुळे बाष्पीभवनही कमी, आणि पीक नेमकं तेव्हाच शेतात उभं असतं. तरीही गव्हाचा भरवसा नव्हता. इतिहासकार पीटर गार्न्सी यांनी १९८८ साली पावसाच्या नोंदींवरून हिशेब मांडला: अथेन्सच्या परिसरात गहू चार वर्षांतून एकदा तरी बुडणार, जव मात्र वीस वर्षांतून एखाद्या वेळी. इसवी सनपूर्व ३२९ सालच्या एका शिलालेखात देवळाला आलेल्या धान्याचा हिशेब आहे. त्यावरून त्या भागात गव्हाच्या नऊ-दहा पट जव पिकत होता असं दिसतं. म्हणजे पोटाला जव आणि गहू काळ्या समुद्राकडून जहाजाने. आपल्या जिरायती पट्ट्यातही हलक्या, मुरमाड रानात बाजरी आणि काळ्या रानात परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी रब्बीची ज्वारी, ही वाटणी शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून अशीच बसवली.

इथवर भूगोलाचं ऐकायला हरकत नाही. पण डोंगरांनी माणसं तोडली, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मला पटत नाही. सोफोक्लीसच्या ‘इडिपस’ नाटकाचं कथानक आठवा. थीब्ज शहरातलं टाकून द्यायला सांगितलेलं मूल कॉरिंथला पोहोचतं कसं? दोन्ही शहरांचे मेंढपाळ वसंतापासून सहा महिने किथेरॉन डोंगरावर आपापले कळप घेऊन एकत्र असतात. एकाने ते मूल दुसऱ्याच्या हातात दिलं. ज्या डोंगराने शहरं वेगळी पाडली म्हणतात, त्याच डोंगरावर ती एकमेकांना भेटत होती. अथेन्सच्या प्रेक्षकांना यात नवल वाटलं नसणार. उन्हाळ्यात मेंढरं कुठे असतात ते त्यांना ठाऊक होतं.

बारामती-फलटण भागातल्या धनगरांकडे पाहिलं की हे आणखी पटतं. पावसाळा त्यांनी घरच्या माळावर काढायचा, दिवाळीनंतर वाडा हलवायचा, घाट उतरून कोकणात जायचं. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाच्या आत परतायचं, कारण कोकणातला पाऊस आणि चिखल मेंढरांना सोसत नाही. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा अभ्यास करताना या देवांचा आणि कमी पावसाच्या मेंढपाळी मुलखाचा संबंध दाखवून दिला. सह्याद्रीने ढग अडवले, म्हणून अलीकडे मेंढरांचं माळरान झालं, आणि त्याच सह्याद्रीचे घाट दरवर्षी देश आणि कोकण जोडत राहिले.

भूगोल म्हणजे नियती, हे म्हणणं तर नीरा डाव्या कालव्याने केव्हाच मोडीत काढलं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर हाती घेतलेल्या या कालव्याला १८८५ मध्ये पाणी आलं. पाणी उतारानेच जाणार, त्यामुळे कालवा समपातळी रेषा धरून वळणं घेत जातो. त्याच्या खालच्या अंगाला बागायत आणि वरच्या अंगाला जिरायत. पाऊस तोच, खडक तोच, पण लोणी भापकर वरच्या अंगाला राहिलं. कालव्याच्या गोष्टीत श्रेय इंग्रज इंजिनिअरांना मिळतं, पुढे साखर कारखानदारीच्या नेत्यांना. मधले लोक निसटतात. कालवा आला तेव्हा तो जिरायती पिकं दुष्काळात वाचवण्यासाठी होता, आणि बऱ्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेत नव्हते. त्या पाण्यावर ऊस उभा करून दाखवला तो सासवडच्या माळ्यांनी. कऱ्हाकाठी विहिरीच्या पाण्यावर ऊस काढण्याची आणि गूळ करण्याची विद्या त्यांच्याकडे होती. ती घेऊन ते कालव्याकाठी आले, खंडाने जमिनी घेतल्या आणि एका पिढीत मुलखाचं रूप बदललं. ग्रीकांनीही जवाचं आणि द्राक्षाचं ज्ञान बरोबर नेऊन सिसिलीपासून काळ्या समुद्रापर्यंत वसाहती केल्या. त्यांच्यावर ग्रंथालयं भरली आहेत. सासवडच्या माळ्यांच्या स्थलांतरावर सामान्य वाचकाला हाती धरता येईल असं मराठीत किती आहे?

आता खडकाकडे येऊ, कारण गाव कुठे वसतं यात खडकाचाही वाटा असतो. अथेन्सचा ॲक्रोपोलिस म्हणजे वर चुनखडीचा थर आणि खाली पाणी न झिरपू देणारा खडक. चुनखडीच्या भेगांतून मुरलेलं पाणी दोन थरांच्या सांध्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतं. टेकडी संरक्षणाला सोयीची होतीच, पण पायथ्याशी झरे नसते तर ती नुसतीच टेकडी राहिली असती. आपला बेसाल्ट वेगळा. घट्ट काळ्या कातळात पाणी जवळजवळ नसतंच. ते साठतं वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र मांजऱ्या खडकात. म्हणून एका जागी विहिरीला पाणी लागतं आणि तिथून शंभर पावलांवरची विहीर कोरडी जाते. लोणी भापकरची मल्लिकार्जुन मंदिराजवळची पुष्करणी या नजरेने पाहावी. लोक तिथे जातात ते अंगभर छोट्या मूर्ती कोरलेला यज्ञवराह पाहायला, आणि तो पाहण्यासारखाच आहे. पण चौकोनी पुष्करणीच्या पायऱ्याही मोजाव्यात. एक एक पायरी उघडी पडत जाते तशी पाण्याची पातळी कुणालाही, अगदी लहान मुलालाही, वाचता येते.

ही पातळी घसरत जाते तेव्हा काय करायचं? याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उत्तर अथेन्सचा कायदे करणारा सोलोन याचं आहे. इसवी सनपूर्व ५९४ मध्ये त्याने शेतकऱ्यांची कर्जं माफ केली, एवढं इतिहासात येतं. त्याचा विहिरींचा कायदा प्लुटार्कने नोंदवला, तरी तो फारसा कुणी सांगत नाही. सार्वजनिक विहीर चार स्टेडियाच्या, म्हणजे सुमारे सातशे मीटरच्या आत असेल तर तीच वापरायची. त्याहून लांब असेल तर आपली खणायची. दहा पुरुष, म्हणजे सुमारे अठरा मीटर खणूनही पाणी लागलं नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीतून दिवसातून दोनदा एक घडा भरून घ्यायचा हक्क. घडा केवढा, तेही कायद्यात होतं: सुमारे वीस लिटरचा. अंतर, खोली आणि माप असे तीनच आकडे, आणि त्यात त्या मुलखाचं सगळं भूजलशास्त्र आलं.

महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पेयजल स्रोताच्या पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन आणलं. २००९ च्या कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले. अंतर आलं, खोली आली. माप मात्र आलं नाही. टंचाई जाहीर झाली की प्रशासन खासगी विहीर अधिग्रहित करतं, टँकर पाठवतं, आणि तोवर गाव अर्ज करत बसतं. कोरडी विहीर खणून दमलेल्या माणसाला शेजारच्या विहिरीवर दोन घड्यांचा थेट हक्क सोलोनने दिला, तो आपल्या कायद्यात यायला हवा.