उतारा

जानेवारी सरत आला की वऱ्हाडात तूर खळ्यावर येते. कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या ओळींमध्ये घेतलेलं हे पीक. बहुतेक माल अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजार समितीत जातो, पण वर्षभराच्या वरणापुरतं एखादं पोतं घरी राहतंच. ते पोतं गावातल्या दालमिलवर टाकलं जातं आणि आठेक दिवसांनी डाळ न्यायला आलेला माणूस दारातूनच विचारतो, "भाऊ, उतारा किती पडला?"

शंभर किलो तुरीतून किती किलो डाळ निघाली, तो उतारा. मिलवाल्याची अब्रू आणि कमाई दोन्ही या आकड्यावर उभी असते.

तुरीच्या दाण्यात गर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेलं टरफल आणि इवलासा अंकुर. म्हणजे शंभरातून पंच्याऐंशी किलो डाळ मिळायला हवी. मिळत नाही, कारण तुरीचं टरफल गराला डिंकासारख्या थराने चिकटलेलं असतं. हरभरा त्या मानाने भोळा, लवकर सोलला जातो. तूर सोलताना कणी पडते, पीठ उडतं, काही दाणे सालीसकट तसेच राहतात. घरच्या जात्यावर साठ-पासष्ट किलो हाती आली तरी आपल्या आज्या समाधान मानायच्या. चांगल्या यंत्रावर, नीट तयारी केली तर, उतारा सत्तर ते पंच्याहत्तरपर्यंत जातो. मधल्या दहा किलोंवर गावातला एक संसार चालू शकतो, हे अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ओळखलं.

विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला सुरू झालं. त्याला नाव दिलं पंजाबराव देशमुखांचं. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा शेतकऱ्याचा मुलगा १९५२ पासून दहा वर्षं देशाचा कृषिमंत्री होता. अकोल्यात मोठ्या डाळ गिरण्या आधीपासून होत्या. तूर खेड्यातून शहरात जायची आणि डाळ होऊन, दोन-तीन हात बदलून, त्याच खेड्यातल्या दुकानात परत यायची. विद्यापीठाच्या कृषी प्रक्रिया विभागाने तयार केलेली 'पीकेव्ही मिनी दालमिल' हा हेलपाटा तोडण्यासाठी होती. एका खोलीत मावेल, घरची माणसं चालवतील आणि तासाला क्विंटलभराच्या आसपास माल काढेल असं हे यंत्र आहे.

यंत्राचा जीव त्याच्या रोलरमध्ये. त्यावर खरखरीत दगडी भुकटीचा, एमरीचा लेप असतो. दाणा फिरता रोलर आणि बाहेरची जाळी यांच्यामधून घासत जातो, साल सुटते, पंखा ती उडवून बाजूला टाकतो. पुढे चाळण्या डाळ, कणी आणि अख्खा गोटा वेगळा करतात. रोलर झिजला की माल सोलला जात नाही. दाब जास्त दिला की डाळ फुटते. जुना मिलवाला पडणारी डाळ मुठीत घेऊन बघतो, कडा झिजलेल्या दिसल्या की लगेच दाब सैल करतो.

पण मला नेहमी वाटत आलंय की खरी दालमिल यंत्राच्या अलीकडे असते, अंगणात. आधी तूर चाळून बारीक-जाड वेगळी करायची. मग यंत्रातून एकदा नुसती ओरखडून घ्यायची, म्हणजे सालीला चिरा पडतात. त्या चिरांतून मुरावं म्हणून तेल चोळायचं, क्विंटलला पाव-अर्धा किलो. रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायचा, पाण्याचा हात द्यायचा, पुन्हा मुरवायचा, पुन्हा वाळवायचा. या तेलपाण्याने मधला डिंक ढिला पडतो. ज्या उन्हाने वऱ्हाडात माणूस एप्रिल-मे महिन्यांत घराबाहेर पडत नाही, तेच ऊन इथे फुकटचं इंधन. आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात: ढीग पसरवणं, पायाने सऱ्या ओढणं, आभाळ आलं की धावत ताडपत्री टाकणं. बचत गटांनी दालमिली घेतल्या तिथे याच बाया मालकीण झाल्या. पिढ्यान् पिढ्या केलेल्या कामाचा हिशेब पहिल्यांदा त्यांच्या नावाने लिहिला गेला. या यंत्राचं मला सगळ्यात मोठं वाटणारं काम हेच.

आता पैशाचं. मिल दोन तऱ्हांनी चालते. एक, लोकांची तूर भरडून द्यायची आणि मजुरी घ्यायची. दोन, स्वतः तूर विकत घ्यायची, डाळ करून विकायची. मजुरीत कमाई थोडी, पण झोप शांत लागते. खरेदीत कमाई जास्त दिसते आणि तिथेच नवखा माणूस अडकतो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. ते बघून पुढच्या हंगामात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला. २०१६-१७ साठी बोनससह हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारात तूर त्याच्या बरीच खाली विकली गेली. २०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात खुली झाली, तेव्हापासून म्यानमार आणि मोझांबिकच्या जहाजांवरही इथला भाव हलू लागला. २०२५-२६ चा हमीभाव ८,००० धरला तर दहाच क्विंटल तुरीत ८० हजार रुपये गुंततात. ते व्याजाचे असतील आणि डाळ उधारीवर गेली असेल, तर भाव न पडताही माणूस दमतो.

म्हणून नव्याने उतरणाऱ्याला माझं सांगणं एकच: पहिले दोन हंगाम दुसऱ्यांची तूर भरडा. त्यात हात बसतो, रोलर कळतो, गिऱ्हाईक जमतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं गेलं. पण ते कर्जाला जोडलेलं. अनुदानाचा कागद बघून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं तर वर्षातले बरेच महिने ते झाकून ठेवावं लागतं आणि हप्ता मात्र झाकता येत नाही.

हात बसण्याची किंमत आकड्यात मांडता येते. दिवसाला आठ क्विंटल आणि हंगामाचे शंभर दिवस धरले तर आठशे क्विंटल तूर. उतारा एका टक्क्याने वाढला तर आठशे किलो जास्तीची डाळ. डाळ १२० रुपये आणि तेच वजन चुनीत, म्हणजे जनावरांच्या खाद्यात, गेलं असतं तर २५, असा हिशेब केला की फरक ७६ हजारांचा. माल स्वतःचा असेल तर तो फरक घरात येतो. लोकांचा असेल तर त्यांच्या घरात जातो, आणि पुढच्या वर्षी ते शेजाऱ्यालाही घेऊन येतात.

दुसऱ्यांचं काम करताना एक पेच रोजचा असतो. प्रत्येकाला आपल्याच शेतातल्या तुरीची डाळ हवी. 'मारुती' वाण पेरणाऱ्याला दुसऱ्याच्या वाणाची भेसळ चालत नाही. आईला भावाच्या वावरातली तूर ओळखू येते. पन्नास-पन्नास किलोंचे ढीग वेगळे मुरवायचे, वेगळे वाळवायचे, प्रत्येकावर चिठ्ठी ठेवायची. यंत्राला हे परवडत नाही, त्याला सलग माल हवा. तरीही जो मिलवाला हे पाळतो त्याच्याकडे लोक लांबून येतात. चुनीचं पोतंही तो मोजून परत देतो, कारण घरी म्हैस असते. डाळ, कणी, चुनी, टरफल, सगळं काट्यावर समोर ठेवलं की उताऱ्यावर वाद होत नाही.

या डाळीला चकाकी नसते. मोठ्या गिरण्यांची पॉलिश केलेली डाळ शेजारी ठेवली तर ही मळकी दिसते. पण रोडग्यांच्या पंगतीत वरणाची कढई उघडली की वासावरूनच कळतं, डाळ घरची आहे. पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकरांच्या पिशवीत पाच किलो तीच जाते, वरून एरंडेलाचा हात लावून. हाच गावमिलीचा खरा बाजार आहे. त्याची जाहिरात कुणी करत नाही, ओळखीने तो वाढतो.

मृगाचं आभाळ भरून आलं की अंगण बंद. वाळवण नाही तर भरडणं नाही. पट्टा सैल करायचा, चाळण्या उतरवून धुवायच्या, कोपऱ्या-कोपऱ्यांतला भुसा झाडायचा. हंगामभर तोंडाला दुपट्टा बांधूनही तो छातीत गेलेलाच असतो. झिजलेला रोलर उतरवून नव्या लेपाला पाठवायचा. उधारीची वही घेऊन बसायचं. काही नावांपुढे फुली, काहींपुढे 'कापसावर'. सप्टेंबरात नवा मूग येईल, तोवर रोलर परत आलेला असला पाहिजे.