कोलंबो ते गॉल: रेल्वेनेच जा!

श्रीलंकेला जाताय? मग कोलंबो ते गॉल रेल्वेनेच जा. कोलंबो फोर्टहून गाडी पकडा आणि उजवीकडची खिडकी गाठा. रूळ कितीतरी वेळ समुद्राला अगदी खेटून धावतात. अडीच-तीन तासांत गॉल.

गॉलचा किल्ला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी १७व्या शतकात तो भक्कम केला. १९८८पासून जागतिक वारसा स्थळ. दुपारचं ऊन टाळून चारनंतर तटावर चढा. एकीकडे क्रिकेटचं मैदान, दुसरीकडे १९३९चं पांढरंशुभ्र दीपगृह!

टुकटुकचं भाडं बसण्याआधीच ठरवा. डिसेंबर ते मार्च हवा उत्तम. मे ते सप्टेंबर टाळा, आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस तिथेही असतो.