लडाखच्या बर्फात भाजी पिकते, मग आपल्या अंगणात का नाही?

नाशिक म्हणजे भाजीपाल्याचे आगर. इथल्या मार्केट यार्डातून मुंबईला गाड्या भरून भाजी जाते. पण ती पिकवायला ज्यांचे हात राबतात, त्यांच्याच घरात मे महिन्यात कोथिंबिरीची जुडी घेताना दहादा विचार होतो. आपल्या भगिनी द्राक्षबागेत थिनिंग-डिपिंगला जातात आणि संध्याकाळी घरी बटाट्याच्या रश्शावर भागवतात. ही विसंगती आम्हाला बोचते. म्हणून आज लडाखची गोष्ट वाचकांपुढे ठेवत आहोत.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात पारा शून्याखाली 20 अंशांच्याही खाली जातो. बर्फाने घाटरस्ते महिनोन् महिने बंद पडत, आणि विमानाने येणारी भाजी गरिबाला परवडत नसे. मग सुकवलेला पाला, जमिनीत पुरून ठेवलेले मुळे आणि बटाटे यांवर हिवाळा काढायचा, ही तिथली रीत. पण लडाखला एक देणगी आहे. वर्षातले सुमारे 300 दिवस तिथे लख्ख ऊन असते. त्याच उन्हाला लोकांनी कामाला लावले.

घर कसे असते?

या सौर हरितगृहात शेगडी नाही, पंखा नाही, मोटार नाही. घर पूर्व-पश्चिम लांब बांधतात. उत्तर, पूर्व आणि पश्चिम बाजूंना कच्च्या मातीच्या विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये पेंढा किंवा भुसा भरलेला. दक्षिणेची बाजू मात्र उन्हात टिकणाऱ्या प्लास्टिकने झाकलेली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली कललेला असतो, त्यामुळे ऊन थेट आत शिरून मागच्या भिंतीवर पडते. ती भिंत आतून काळी रंगवतात. दिवसभर ती ऊब पिते आणि रात्री हळूहळू सोडते. संध्याकाळी प्लास्टिकवर पडदा ओढायचा, दुपारी झरोका उघडायचा. एवढ्यावर भर थंडीत पालक, कोथिंबीर, लसूणपात निघते.

गेरेस ही फ्रान्समधील संस्था आणि तिथल्या स्थानिक संस्थांनी अशी शेकडो घरे उभी केली. विटा आणि श्रम कुटुंबाचे, बाहेरून आणायच्या सामानाला संस्थेची मदत, असा हिशेब होता. 2009 साली या कामाला ब्रिटनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. घरी खाऊन उरलेली भाजी शेजारी जाते, विकलीही जाते, आणि चार पैसे बाईच्या हातात येतात.

आपल्याकडे काय?

हेच घर जसेच्या तसे नाशिकला बांधू नये. एप्रिलमध्ये त्यात रोपे शिजून निघतील. आपल्याकडे थंडी पडते ती मुख्यतः निफाडच्या पट्ट्यात. तिथे पारा कधी 2-3 अंशांवर उतरला की बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवून द्राक्षे वाचवतात. आपल्या वस्तीतला खरा शत्रू उन्हाळा. लाखो रुपयांची पॉलिहाऊसे आपल्या आवाक्यातली नाहीत. पण तत्त्व उचलता येते: सूर्य कुठून येतो ते पाहा, आणि त्याप्रमाणे आडोसा करा.

हिवाळ्यात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी कुंड्या, पत्र्याचे जुने डबे, पोती मांडा. मेथी, पालक, कोथिंबीर जोमाने येतात. मार्चपासून सूर्य डोक्यावर येतो. तेव्हा चार बांबूंवर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी टाका, मातीवर वाळल्या पाल्याचे आच्छादन करा आणि पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्या. त्या दिवसांत माठ, तांदुळजा, अंबाडी आणि पुदिना लावावा. धणे रगडून दोन फाकी करूनच पेरावेत. डब्यांना खाली भोके हवीत, नाहीतर पावसाळ्यात मुळे कुजतात. रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे रिकामे डबे मात्र कधीही वापरू नयेत.

आता साधा हिशेब करा. दिवसाला 15 रुपयांची एक जुडी धरली, तर महिन्याचे 450 रुपये होतात. निम्मी भाजी घरची निघाली तरी 225 रुपये वाचतात. त्यात मुलांच्या वह्या येतात. आणि पैशापलीकडे, वाढत्या मुलांच्या ताटात रोज हिरवे पान पडते, हे मोठे.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्याचे. भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. चार कुंड्या म्हणजे जमिनीचा हक्क नव्हे, ती मागणी आपल्या जागी उभीच आहे. पण तोवर पोरांचे ताट कोरडे का ठेवायचे?

महिला मंडळांनी पुढाकार घ्यावा. एका घराला जाळी महाग पडते, पण पाच घरांनी वर्गणी काढली तर विहाराच्या गच्चीवर किंवा आवारात एक सामाईक वाफा सहज उभा राहील. पाणी घालायची पाळी लावा, वहीत जमाखर्च लिहा आणि निघालेली भाजी सारखी वाटून घ्या. या पावसाळ्यानंतर सुरुवात केली, तर थंडीतली पहिली मेथी आपल्याच हातची असेल.