एकाच संस्थेचे दोन आकडे

‘देशातील निम्मे लोक आयुष पद्धतींचा अवलंब करतात’ हे वाक्य अलीकडे आपल्या सभा-संमेलनांतून वारंवार ऐकू येते. त्याच सभेत एखादा अभ्यासू वैद्य विचारतो, की पूर्वीच्या सरकारी पाहणीत हे प्रमाण जेमतेम पाच ते सात टक्के होते, त्याचे काय? विशेष म्हणजे हे दोन्ही आकडे एकाच राष्ट्रीय पाहणी-परंपरेतून आलेले आहेत. यांतील खरा कोणता, असा संभ्रम वैद्यवर्गात व फार्मसीचालकांत आढळत असल्याने या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम संस्थेविषयी. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा आरंभ १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने झाला. २०१९ मध्ये हे सर्वेक्षण पाहणारी संस्था व केंद्रीय सांख्यिकी कार्यालय यांचे एकत्रीकरण होऊन राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय अस्तित्वात आले. प्रत्येक घरी जाऊन विचारणा करणे शक्य नसल्याने निवडक घरांवरून देशाचे चित्र काढावयाचे, ही या कार्याची पद्धत. ‘शितावरून भाताची परीक्षा’ आपण जाणतोच. परंतु शीत पातेल्याच्या एकाच कडेचे घेतले तर परीक्षा फसते. म्हणून कोणती गावे, कोणत्या वस्त्या व कोणती घरे घ्यावयाची हे अन्वेषकाच्या मर्जीवर न सोडता शास्त्रीय पद्धतीने ठरविले जाते. हाती आलेली माहिती केवळ शासनाच्या उपयोगासाठी नसते. अहवाल सर्वांस खुले असतात, आणि व्यक्तींची ओळख वगळून मूळ माहितीही अभ्यासकांस विनामूल्य उपलब्ध करून दिली जाते. लोकांकडून घेतलेले लोकांस परत देणे, ही या संस्थेची खरी लोकसेवा होय.

आता आकड्यांकडे वळू. जानेवारी ते जून २०१४ या काळातील ७१व्या फेरीत आरोग्यविषयक पाहणी झाली. तीत सुमारे ९० टक्के आजारांवर अ‍ॅलोपॅथीचे उपचार झाल्याचे व आयुषसह इतर पद्धतींचा वाटा पाच ते सात टक्के असल्याचे दिसले. पुढे जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात ७९व्या फेरीत केवळ आयुष या विषयाला वाहिलेली पहिली अखिल भारतीय पाहणी झाली. १,८१,२९८ घरांतून माहिती घेण्यात आली. मागील ३६५ दिवसांत रोगप्रतिबंधासाठी वा उपचारासाठी आयुषचा उपयोग केल्याचे ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के व शहरी भागात सुमारे ५३ टक्के व्यक्तींच्या बाबतीत आढळले.

अष्टांगहृदयाने सांगितलेल्या दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील तिसरे साधन येथे आठवावे. ‘आज पोट दुखते का?’ आणि ‘वर्षभरात कधी पोट दुखले का?’ या दोन प्रश्नांना एकच रुग्ण भिन्न उत्तरे देईल, आणि दोन्ही खरी असतील. येथेही तसेच घडले आहे. २०१४ च्या पाहणीने मागील १५ दिवसांतील आजार मोजले व त्यांवर कोणता उपचार झाला ते विचारले. २०२२-२३ च्या पाहणीने व्यक्ती मोजल्या, कालावधी वर्षाचा घेतला आणि प्रतिबंधात्मक उपयोगही जमेस धरला. हिवाळाभर च्यवनप्राश खाणारा निरोगी गृहस्थ पहिल्या मोजणीत कोठेही येत नाही, दुसरीत येतो. म्हणून आठ वर्षांत आयुषचा प्रसार आठपट झाला असे सांगणे हा आकड्यांवर अन्याय आहे.

तुलना करावयाची तर समान प्रश्नांची करावी. २०१७-१८ च्या ७५व्या फेरीत पुन्हा आरोग्यविषयक पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९५ टक्के आजारांवर अ‍ॅलोपॅथीचेच उपचार झाल्याचे आढळले. हे सत्य आपणांस रुचणारे नसले तरी ते स्वीकारावयास हवे. आयुर्वेदावर लोकांची श्रद्धा आहे, स्वास्थ्यरक्षणासाठी ते त्याचा आधारही घेतात. परंतु आजारी पडल्यावर बहुतेकांची पावले अन्यत्र वळतात. दोन्ही आकडे एकत्र वाचले की हा बोध होतो. शिवाय उपयोगाचा आकडा हा गुणाचा पुरावा नव्हे. किती लोकांनी औषध घेतले हे पाहणी सांगते. किती जण बरे झाले हे सांगत नाही. फार्मसीच्या पत्रकांत हा आकडा छापताना एवढा विवेक राखला जावा.

यात आपलाही वाटा आहे. अन्वेषक आपल्याकडे नव्हे, तर आपल्या रुग्णाच्या घरी जातो. घरची मंडळी आठवणीवर विसंबून उत्तरे देतात. नाव नसलेल्या पुडीतून चूर्ण दिले, चिठ्ठी नाही, पावती नाही, तर ते औषध कोणत्या पद्धतीचे व खर्च किती झाला हे घरच्यांनी सांगावे तरी कसे? पुडीवर औषधाचे नाव, पावतीवर रक्कम आणि चिठ्ठीवर वैद्याची पदवी स्पष्ट असेल तर आपले काम मोजणीत येण्याची शक्यता वाढते.

फार्मसीचालकांनाही एक सांगणे आहे. लहान दुकाने व व्यवसाय यांची, तसेच नोंदणीकृत कारखान्यांची स्वतंत्र वार्षिक सर्वेक्षणे होत असतात. माहिती विचारणारा अधिकारी दारी आला की करवसुलीच्या शंकेने उलाढाल कमी सांगण्याची प्रवृत्ती दिसते. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ नुसार अशी माहिती सांख्यिकीय प्रयोजनासाठीच वापरावयाची असते, हे लक्षात घ्यावे. ओळखपत्र अवश्य पाहावे, आणि मग माहिती खरी द्यावी. आज उलाढाल निम्मी सांगावयाची आणि उद्या शासनाने आमच्या व्यवसायाची दखल घेतली नाही म्हणून तक्रार करावयाची, हे सुसंगत नाही.

रुग्णाने लक्षण लपविले तर निदान चुकते, हे आपण रोज अनुभवतो. देशाच्या निदानात आपण लक्षणे लपविणारे होऊ नये, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींना व फार्मसीचालकांना नम्र विनंती आहे.