बारा म्हणवणारे आठ सुळके

ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर, पोर्ट कॅम्पबेलजवळ समुद्रात चुनखडीचे उंच सुळके उभे आहेत: ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स’. मेलबर्नला मुलांकडे गेलेल्या मराठी आईबापांच्या फोनमध्ये त्यांचा फोटो हमखास सापडतो. नावात बारा असले तरी ते नाव रूढ झालं तेव्हाही सुळके नऊच होते, आज आठ उरलेत. हा आकड्याचा घोळ किरकोळ म्हणायचा. सुळके घडले कसे, याबद्दलचे समज मात्र भलतेच पक्के आहेत.

‘पाण्याच्या नुसत्या माऱ्याने खडक झिजतो.’

पाण्याला साथीदार लागतात. पहिला साथीदार म्हणजे हवा. दक्षिण महासागरात पश्चिमेचे वारे हजारो किलोमीटर लाटा रेटत आणतात, वाटेत अडवायला जमीन जवळपास नाहीच. अशी लाट कड्यावर आदळली की भेगेतली हवा कोंडते, दाबली जाते. लाट मागे हटताच ती एकदम सुटते. हे रात्रंदिवस चालू असतं, त्यामुळे भेग रुंदावते आणि खडकाचे ठोकळे सैल होतात. दुसरा साथीदार म्हणजे लाटेबरोबर येणारे वाळू आणि गोटे. ते कड्याचा पायथा घासतात, तिथे आडवी खाच पडते आणि वरचा खडक अधांतरी लोंबत राहतो. शिवाय चुनखडी पावसाच्या पाण्यात विरघळते, म्हणजे भेगांवर वरूनही काम चालूच असतं.

‘लाटा किनाऱ्याला सगळीकडे सारख्याच झोडपतात.’

भूशिरासमोर पाणी आधी उथळ होतं. तिथे लाट मंदावते, शेजारच्या खोल पाण्यातला तिचा भाग पुढे धावतो आणि अख्खी रांग भूशिराकडे वळते. मार एकवटतो तो भूशिराच्या टोकावर आणि दोन्ही कुशींवर. दोन्हीकडून कोरल्या गेलेल्या गुहा आत एकमेकींना भेटल्या की सागरी कमान होते. कमानीचं छत पडलं की समुद्रात एकटा उरतो तो सागरी स्तंभ, म्हणजे आपला सुळका. तोही ढासळला की ओहोटीला दिसणारा बुंधा तेवढा राहतो. बाजूच्या आखातात लाटांचा जोर पसरून विरतो, म्हणून तिथे वाळू साचते. झीज करणाऱ्या किनाऱ्यावर पुळण नसते, असं म्हणणाऱ्यांनी जवळच्या लॉक आर्ड गॉर्जमधली पुळण पाहावी.

‘झीज दरवर्षी थोडीथोडी होते.’

पायथा हळूहळू पोखरला जातो हे खरं, पण कडा मागे सरकतो तो धडाधड. १५ जानेवारी १९९० रोजी इथली ‘लंडन ब्रिज’ नावाची दोन कमानींची रचना मोडली. जमिनीला जोडणारी कमान कोसळली आणि दोन पर्यटक पलीकडच्या तुकड्यावर अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. ३ जुलै २००५ ला सुमारे ५० मीटर उंचीचा एक सुळका काही सेकंदांत ढिगारा झाला. २००९ मध्ये ‘आयलंड आर्चवे’ची कमान गेली आणि मागे दोन खांब उरले. वर्षाला इतके सेंटिमीटर अशी सरासरी काढता येते, पण कड्याच्या काठावर उभं राहणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नाही.

‘हे सुळके लक्षावधी वर्षं असेच उभे आहेत.’

खडक तेवढा जुना, एक कोटी वर्षांहून अधिक. सुळके कालचे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. ती चढत आजच्या उंचीवर आली त्याला जेमतेम सात हजार वर्षं झाली, आणि आजचे कडे फोडण्याचं काम त्यानंतरचं. २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी किनाऱ्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, ५० मीटर खोल पाण्यात असेच पाच बुडालेले सुळके असल्याचं जाहीर केलं. समुद्र तेवढा खाली होता तेव्हा किनारा तिथे होता. म्हणून ‘हे पडले की संपलं’ असंही नाही; लंडन ब्रिजचा जमिनीकडचा सांधा तुटला, उरलेली कमान पडली की तिथे नवा सुळका उभा असेल.

‘खडकावरची जाळी लाटांनीच कोरली.’

अशा जाळीचा नमुना आपल्याकडेच आहे, रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरला. प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून खाली गेलं की कड्याच्या अंगावर पोळ्यासारखी छिद्रं दिसतात. ती प्रामुख्याने मिठाची करणी. उडालेले तुषार खडकाच्या बारीक रंध्रांत शिरतात, उन्हात वाळतात, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण न् कण सुटा करतात. लाटांचं काम पायाखाली आहे. कडा मागे हटत गेला तसा उघडा पडलेला हा सपाट कातळ म्हणजे तरंगघर्षित मंच. तो जितका रुंद, तितकी लाट कड्यापर्यंत पोचताना थकते आणि झिजेचा वेग मंदावतो. ओहोटीला तो अंगणासारखा मोकळा दिसतो, आणि फसगत होते ती इथेच: भरतीला, त्यातही पावसाळ्यात, हाच मंच लाटांच्या वाटेत येतो. प्रदक्षिणा ओहोटीची वेळ विचारूनच करायची असते.